बाकावर बसू नये

चष्मेवाले सेवा क्लबच्या संचालक मंडळावर निवडून आले त्याला कारण पंखा. वार्षिक सभेत त्यांच्या डोक्यावरचा पंखा इतका करकरत होता की ते वैतागून बटण शोधायला उठले. सभागृहातलं बटण कधी अपेक्षेच्या ठिकाणी नसतं. एक दाबलं तर बाहेरचा दिवा लागला, दुसरं दाबलं तर माइक गेला. शेवटी एकदाचा पंखा थांबला आणि नेमक्या त्याच क्षणी टाळ्या वाजल्या. चष्मेवाल्यांना वाटलं, चला, लोकांना कदर आहे. त्यांनी चहूकडे बघून मान डोलावली. संचालकपदासाठी कोण उभं राहतंय, असं नुकतंच विचारलं गेलं होतं; उभ्या माणसाची ती मान म्हणजे होकार, असं सचिवबाईंनी तिथल्या तिथे लिहून घेतलं, आणि चष्म्याचं छोटंसं दुकान चालवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा एक सज्जन माणूस बसल्याजागी, म्हणजे खरं तर उभ्याउभ्याच, 'संचालक, प्रकल्प' झाला.

क्लबचा पितळी बिल्ला मिळाला. तो शर्टाच्या खिशावर लावून चष्मेवाले घरी आले तेव्हा बायको भाजी चिरत होती.

"म्हणजे आता करायचं काय?" तिने विचारलं.

"समाजसेवा."

"चांगलं आहे. न्हाणीघरातला नळ कधीचा गळतोय, त्याच्यापासून सुरुवात करा."

"तो प्रकल्पात बसत नाही," चष्मेवाले गंभीरपणे म्हणाले.

त्या दिवसापासून बायको त्यांना 'संचालक' म्हणू लागली. संचालक, दूध उतू जातंय. संचालक, टॉवेल पलंगावर कुणी टाकला? चष्मेवाल्यांनी पहिले काही दिवस हा मानच समजून घेतला. माणूस मानाचा भुकेला असला की त्याला थट्टाही पचते.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे आत्या. चष्मेवाल्यांची आई ते लहान असतानाच गेली, आणि नाक पुसण्यापासून गणितासाठी कान पिळण्यापर्यंत सगळं आत्याने केलं. आत्याच्या लेखी ते अजून तेवढेच होते. ती त्यांना 'अरे' म्हणायची आणि फारच माया दाटून आली तर 'अरे गाढवा' म्हणायची. तिचे गुडघे कुरकुरायचे, जीभ मात्र कधी कुरकुरली नाही.

आत्याचा गुरुवार ठरलेला होता. सकाळच्या बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, तिथल्या वृद्धाश्रमात तिची शाळेपासूनची मैत्रीण होती, तिच्याशी दिवसभर पत्ते खेळायचे आणि संध्याकाळच्या बसने परत. या मैत्रिणीची आठवण हल्ली विरत चालली होती. मुलगा पुसला गेला, सून पुसली गेली, नातवंडं तर कधी नीट उमटलीच नव्हती. आत्या तेवढी शिल्लक होती, कारण ती दर गुरुवारी जाऊन हजेरी लावायची. "एक गुरुवार चुकला की मी तिला अंधुक होते," आत्या म्हणायची. "लागोपाठ दोन चुकले तर संपलंच. मग मी तिच्यासाठी कुणी नाही."

बस यायची तेव्हा यायची. तोवर आत्या स्टॉपशेजारच्या एका दगडावर बसायची. तो दगड तिथे कुणी आणून ठेवला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण वर्षानुवर्षं लोक बसून बसून त्याला मधोमध छान खोलगट जागा झाली होती. चष्मेवाल्यांचं दुकान स्टॉपला लागूनच. काचेतून दर गुरुवारी आत्या त्या दगडावर बसलेली दिसायची आणि आजवर त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. पण आता खिशावर बिल्ला होता. आपण संचालक, आणि आपली आत्या दगडावर! त्यांचा जीव तुटला.

इथे खरं तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं.

"बाक," मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ते म्हणाले. "बस स्टॉपवर एक बाक बसवू या."

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. आयुष्यभर उघड्या तोंडांशी बोलल्यामुळे आपल्या बोलण्याला कुणी उत्तर देत असतं याची त्यांना सवयच नव्हती. "उत्तम! साधं, सुटसुटीत, लोकोपयोगी," ते म्हणाले. "फार विचार करायचा नाही." आणि मग बैठक संध्याकाळपर्यंत चालली. बाकाला पाठ असावी की नसावी? पाठ असली तर लोक रेलतात, रेलले की झोपतात. नसली तर म्हाताऱ्यांनी टेकायचं कशाला? तोंड रस्त्याकडे की दुकानांकडे? रंग हिरवा असावा असं सचिवबाईंचं मत होतं, कारण त्या ज्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या तिथली बाकं हिरवी होती. खजिनदारांचं म्हणणं, बाकाच्या आधी छप्पर हवं. छपराच्या आधी काय हवं हे कुणी काढायच्या आत चष्मेवाल्यांनी पंखा लावला आणि त्या करकरीत ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाईक कमी आणि सल्लागार जास्त येऊ लागले. नंबर तपासायच्या खुर्चीवर बसून, एका डोळ्यावर झाकण घेऊन शेजारचा शिंपी म्हणाला, "लोखंडी नको बरं का, उन्हात तापतं." औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "लाकडी नको, फुगतं." पलीकडच्या छापखानेवाल्याचं म्हणणं सिमेंटचं करा. "सिमेंटचं गार लागतं," शिंपी म्हणाला. मग तिघांनी मिळून असा निष्कर्ष काढला की बाकाची गरजच काय, दगड आहे तो चांगला आहे. हे चष्मेवाल्यांच्या मनाला लागलं. समाजसेवेत सगळ्यात मोठी अडचण समाजाचीच असते, असं ते बायकोला म्हणालेसुद्धा. बायको म्हणाली, "नळ अजून गळतोय."

मग नगरपालिका आली. म्हणजे ती होती तिथेच, चष्मेवाले तिच्याकडे गेले. फुटपाथच्या खिडकीने त्यांना स्टॉपच्या खिडकीकडे पाठवलं, स्टॉपच्या खिडकीने जेवायची सुट्टी दाखवली, आणि सुट्टीनंतर एका कारकुनाने विचारलं, "बाक जमिनीत रोवणार की नुसतं ठेवणार?"

"रोवलेलं बरं ना?"

"रोवलं की ते बांधकाम. त्याला नकाशा लागतो, अभियंत्याची सही लागते."

"मग नुसतं ठेवू."

"नुसतं ठेवलं की अतिक्रमण. ते आम्ही उचलतो."

चष्मेवाल्यांनी बिल्ला सरळ केला. "आणि थोडंसंच रोवलं तर?"

कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली. इतका समंजस अर्जदार त्याच्या वाट्याला कधी आला नसावा. "थोडंसं रोवलं तर त्याला दुरुस्ती म्हणता येईल. पण दुरुस्ती करायला आधी काहीतरी असावं लागतं. सध्या तिथे लोक कशावर बसतात?"

"दगडावर."

"मग झालं की काम! 'नादुरुस्त आसनाची दुरुस्ती.' फक्त आधी तो दगड हटवावा लागेल. जागा मोकळी दिसल्याशिवाय परवानगी निघत नाही."

दगड मात्र लगेच हटला. पालिकेची सगळी चपळाई हटवण्यात असते. चष्मेवाले सकाळी दुकान उघडायला आले तेव्हा दगडाच्या जागी नुसता ओलसर डाग होता आणि त्या डागाभोवती मुंग्या भांबावल्यासारख्या फिरत होत्या. बाक तयार होईपर्यंत दर गुरुवारी चष्मेवाले दुकानातलं स्टूल उचलून स्टॉपवर ठेवायचे आणि आत्या त्यावर बसायची. "आत दुकानात बस ना," ते म्हणायचे. आत्या म्हणायची, "आणि बस निघून गेली म्हणजे? स्टॉपवर कुणी दिसलं नाही की तो ड्रायव्हर थांबत नाही." दगडाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ते चष्मेवाल्यांना समजूतदारपणाचं वाटलं.

बाकाचं काम वेल्डरकडे होतं आणि ते रखडलं नावांपायी. पाठीवर क्लबचं नाव घालायचं ठरलं होतं. मग अध्यक्ष म्हणाले, उगीच गैरसमज नकोत, अध्यक्षांचंही असू द्या. सचिवबाई म्हणाल्या, मग पदाधिकाऱ्यांनी काय घोडं मारलंय? शेवटी अख्खं मंडळ पाठीवर आलं. पितळेची, उठावाची, चांगली जाडजूड अक्षरं, पदव्यांसकट. अध्यक्षांच्या पदव्या एवढ्या होत्या की वेल्डरला पाठीची उंची वाढवावी लागली. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात नव्या संचालकापर्यंत येता येता, अक्षरं संपली.

"काही हरकत नाही, रंगाने लिहितो," वेल्डर म्हणाला, आणि खाली उजव्या कोपऱ्यात ब्रशने बारीक अक्षरांत लिहून मोकळा झाला. ज्याच्या डोक्यातून बाक निघालं त्याचं नाव सपाट, आणि ज्यांनी नुसते फाटे फोडले त्यांची नावं उठून दिसताहेत! चष्मेवाल्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. रंगसुद्धा असा की पाहणाऱ्याला चष्मा लागावा. "तेवढाच धंदा होईल," बायको म्हणाली.

एकदाचं बाक आलं. थोडंसं रोवलं गेलं. हिरवंगार, भलंथोरलं, चौघांना ऐसपैस पुरेल असं. चष्मेवाले मायेने त्याच्यावरून हात फिरवत होते, तेवढ्यात सचिवबाई प्लास्टिकचा गुंडाळा आणि लाल फीत घेऊन हजर झाल्या.

"हे कशाला?"

"घटना," सचिवबाई म्हणाल्या. क्लबच्या घटनेत स्पष्ट कलम होतं: क्लबने दिलेली कुठलीही वस्तू प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्याखेरीज कुणी वापरू नये. हे कलम ज्यांनी घातलं ते आता हयात नव्हते, पण कलमाचा धाक होता. क्लबच्या खोलीत एक चाकांची खुर्ची, एक वजनकाटा आणि पाणी गार करायचं एक यंत्र अशी तीन-चार रत्नं प्लास्टिकमध्ये बांधून पाहुण्यांची वाट बघत पडली होती. वजनकाट्याला तर गंज चढला होता, पण अधिकृतपणे तो नवाच होता. बाकही तसंच गुंडाळलं गेलं. फितीचे वेढे पडले. वर पाटी लटकली: 'उद्घाटनापूर्वी बाकावर बसू नये. संचालक मंडळाच्या आज्ञेवरून.' आणि प्रकल्प ज्याचा त्याच्यावरच राखणीची जबाबदारी आली.

प्रमुख पाहुणे म्हणून एक फार मोठे साहेब ठरले होते. त्यांच्या कार्यालयातला गृहस्थ फोनवर फार गोड बोलायचा. "साहेब तत्त्वतः तयार आहेत," तो म्हणायचा. सोमवारी साहेब तत्त्वतः तयार होते पण दौऱ्यावर होते. पुढे ते तत्त्वतः तयार होते पण घसा बसला होता. दरम्यान स्टॉपवर लोक ताटकळत उभे आणि मधोमध बाक भेटवस्तूसारखं बांधून ठेवलेलं. चष्मेवाले गिऱ्हाइकाला "वरची ओळ वाचा" म्हणून सांगायचे आणि स्वतः काचेतून बाकाकडे बघायचे. कुणी टेकलं की धावत बाहेर.

"अहो, बसू नका! उद्घाटन व्हायचंय."

"कधी?"

"पाहुणे आले की."

"ते येईपर्यंत मी बसतो, ते आले की उठतो."

या युक्तिवादाला घटनेत उत्तर नव्हतं. चष्मेवाले नुसतेच पाटीकडे बोट दाखवायचे. पिशव्या घेतलेल्या बायका त्यांना काय काय पुटपुटत जायच्या ते त्यांना कळायचं आणि कळत नाही असं ते दाखवायचे. शिंपी दुकानातून ओरडायचा, "संचालक, एक माशी बसली बघा!"

अशात गुरुवार आला. आत्या पिशवीत पत्ते टाकून निघाली. चष्मेवाले सवयीने स्टूल घेऊन दुकानाबाहेर पडले, आणि बघतात तर बाकाशेजारी अध्यक्ष उभे. माइक कुठे ठेवायचा याची पाहणी चालली होती.

"हे काय? स्टूल?" अध्यक्षांचा आवाज चढला. "क्लबचं बाक असताना शेजारी स्टूल? लोक काय म्हणतील? क्लबची अब्रू काढता का?"

चष्मेवाल्यांनी स्टूल पाठीमागे लपवलं. स्टूल लपवणं सोपं नसतं. एवढ्यात आत्या आली, तिने बाकाचं प्लास्टिक जरा सारलं आणि टेकणार, तोच चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, बसू नकोस! म्हणजे जरा उभी राहा ना. उद्घाटन व्हायचंय."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग अध्यक्षांकडे, मग पाटीकडे, मग पाठीमागून डोकावणाऱ्या स्टुलाच्या पायांकडे. आणि ती उभी राहिली. बसने त्या दिवशी यायचं नाव घेतलं नाही. आत्या एकदा या पायावर, एकदा त्या पायावर असं करत राहिली, खांबाला धरून राहिली, आणि मग पिशवी उचलून हळूहळू घराकडे चालू लागली. तिची पाठ बघत चष्मेवाले जागच्या जागी खिळले, आणि अध्यक्ष म्हणत होते, "माइक इथेच बरा."

संध्याकाळी ते घरी आले तर आत्या खिडकीशी बसून एकटीच पत्ते पिसत होती.

"आत्या, गुडघे कसे आहेत?"

"ठीक आहेत," आत्या म्हणाली. "तुम्ही हातपाय धुऊन घ्या. दमला असाल."

तुम्ही! चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आत्याने त्यांना लहानपणी छडीने मारलं होतं, लग्नाच्या दिवशी चारचौघांत कान धरला होता, पण 'तुम्ही' कधी म्हटलं नव्हतं. जेवताना ती म्हणाली, "आमटी वाढू का तुम्हाला?" हातातला घास त्यांनी ताटात ठेवला. ते स्वयंपाकघरात बायकोमागे गेले आणि हळूच म्हणाले, "ती मला अहोजाहो करतेय."

"मग? संचालक आहात," बायको म्हणाली. पण तिचाही थट्टेचा सूर नव्हता. "एक गुरुवार गेला बघा त्यांचा. दुपारपासून तेच घोकताहेत, आता तिला मी अंधुक झाले असेन म्हणून. पुढचा चुकता कामा नये."

चष्मेवाल्यांनी सकाळी उठल्या उठल्या फोन लावला. साहेब पुढच्या गुरुवारी, अगदी सकाळी, बसच्या वेळेआधी, नक्की येतील असा शब्द मिळाला. पत्रिका छापून झाल्या. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तो गोड आवाज म्हणाला, "साहेब तत्त्वतः तयार आहेत, पण..."

तातडीची बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, पुढे ढकलू. सचिवबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बरं पडेल. खजिनदार घड्याळ बघत होते. आणि चष्मेवाले, जे आजवर मंडळात नुसती मान डोलवत आले होते, ते उभे राहिले. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"ढकलायचं नाही," ते म्हणाले. "उद्याच करायचं. आणि प्रमुख पाहुणी माझी आत्या."

"तुमची आत्या? त्या कोण आहेत?"

"आत्या आहे," चष्मेवाले ओरडले. "आणखी कोण असायला हवं? ज्या दगडावर ती बसायची तो आपण काढला. स्टुलावर बसायची ते आपण काढलं. लोकांची सेवा करायला निघालो आणि लोकांना बसल्याजागेवरून उठवून ठेवलं! घटनेत प्रमुख पाहुणे मोठे हवेत असं कुठे लिहिलंय ते दाखवा!"

सचिवबाईंनी घटना काढली, चष्मा कपाळावरून खाली आणला (चष्मेवाल्यांनीच बनवलेला, म्हणून अक्षर अन् अक्षर दिसत होतं) आणि कलम वाचलं. पाहुणे 'वयाने ज्येष्ठ व ज्यांच्या शब्दाला मान आहे असे' असावेत एवढंच होतं. "वय तर आहेच," त्या म्हणाल्या. "शब्दाला मान?"

"तुम्ही एकदा तिच्याशी बोलून बघा," चष्मेवाले म्हणाले.

बोलायला चष्मेवालेच गेले. आत्याने सगळं ऐकून घेतलं. पत्ते बाजूला ठेवले. "भाषण करायला मिळणार का?"

"हवं तेवढं."

"बरं. येते मी. पण बस आली की मी निघणार, तुमचे अध्यक्ष बोलत असोत की रडत असोत." अजून 'तुमचे'च होतं, पण चष्मेवाल्यांना तेवढंही पुष्कळ वाटलं.

गुरुवारी सकाळी अख्खं मंडळ बिल्ले लावून स्टॉपवर उभं होतं. उभं, कारण बाकावर बसायचं नव्हतं आणि खुर्च्या ज्या खोलीत होत्या तिची किल्ली खजिनदार घरी विसरले होते. आत्या ठेवणीतली साडी नेसून, काखेत पत्त्यांची पिशवी अडकवून आली. सचिवबाईंनी स्वागत केलं. मग अध्यक्षांनी प्रास्ताविक सुरू केलं. थकल्याभागल्या जिवाला क्षणभर विसावा मिळावा, या एकाच ध्यासाने हा प्रकल्प कसा आकाराला आला, हे त्यांनी विस्ताराने सांगितलं. थकलाभागला जीव शेजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. चष्मेवाल्यांना राहवेना. ते दुकानात गेले आणि सगळ्यांच्या देखत स्टूल घेऊन आले.

"आत्या, बस."

"राहू द्या," आत्या माइकमध्येच म्हणाली. "क्लबची अब्रू जाईल."

स्टॉपवरची माणसं खो खो हसली. शिंप्याने शिट्टी मारली. अध्यक्षांनी विसाव्याचं वाक्य अर्ध्यावर सोडून कात्री पुढे केली. आत्याने एका हातात कात्री घेतली, दुसऱ्या हातात माइक घेतला आणि घसा खाकरला.

"जमलेल्या मंडळींनो," ती म्हणाली, "या बाकाची मी फार दिवस वाट पाहिली. बसची पाहते त्याहून जास्त. मला एवढंच सांगायचंय की..."

आणि बस आली. जी बस आजवर कधी कुणासाठी वेळेवर आली नव्हती, ती त्या दिवशी वळणावरून हॉर्न वाजवत वेळेच्या आधी आली. आत्याने माइक अध्यक्षांच्या हातात दिला, पदर खोचला आणि तडक बसमध्ये चढली. चष्मेवाल्यांनी मागून पिशवी सावरली, कंडक्टरने हात दिला, बस निघाली. खिडकीतून आत्याचा हात हलला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की कात्री तिच्याच हातात आहे.

फीत होती तशीच होती. मंडळ तिच्याकडे बघत राहिलं.

"म्हणजे उद्घाटन झालं की नाही?" खजिनदारांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, पाहुण्या येऊन गेल्या, तेव्हा तत्त्वतः झालं. सचिवबाई म्हणाल्या, फीत कापल्याशिवाय काहीही झालेलं नाही. वाद घालत घालत दोघं चहा प्यायला गेले आणि जाता जाता चष्मेवाल्यांना बजावून गेले की निर्णय होईपर्यंत कुणाला बसू द्यायचं नाही. चष्मेवाले दिवसभर दुकानात बसून होते. एका गिऱ्हाइकाला त्यांनी त्याचाच जुना चष्मा परत दिला. त्यांचं लक्ष बाकात नव्हतंच, ते शेवटच्या स्टॉपवर होतं. ओळखलं असेल का तिने आत्याला?

संध्याकाळची बस पलीकडच्या बाजूला थांबायची. ती आली, गेली, आणि आत्या काही दिसेना. चष्मेवाले दुकान उघडंच टाकून धावले. ते रस्ता ओलांडून पेपरच्या टपरीमागे गेले आणि थबकले. आत्या दगडावर बसली होती. तोच दगड, तोच खोलगट भाग. पालिकेच्या माणसांनी तो ट्रकमध्ये चढवण्याचे कष्ट न घेता नुसता ढकलत रस्त्यापलीकडे आणून ठेवला होता. सगळ्या गावाचे नंबर तपासणाऱ्या माणसाला समोरच्या फुटपाथवरचा धोंडा दिसला नव्हता.

"हा इथे आहे?"

"तू हलवलास त्या दिवसापासून. येताना मी दर गुरुवारी इथेच टेकते."

"मग सांगितलं का नाहीस? परत तिकडे नेला असता!"

"बाक आणतोस म्हणून केवढा फुलला होतास," आत्या म्हणाली. "तुझ्यासमोर दगडाचं नाव काढवेना."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याने पुन्हा 'तू' म्हटलंय हे त्यांना जरा उशिरा कळलं. "तिने ओळखलं का गं तुला?" त्यांनी विचारलं.

"आधी नाही. 'कोण आपण?' म्हणाली. मी पत्ते काढले, पिसले, वाटले. तिने दोन हात गप्प खेळून काढले आणि मग एकदम माझं मनगट धरलं. म्हणाली, 'एक्का लपवतेस? शाळेपासून लपवतेस मेली!'" आत्या हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. "आहे मी अजून तिच्याकडे. एक गुरुवार आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं."

चष्मेवाल्यांनी तिला हात धरून रस्ता ओलांडून आणलं. बाकापाशी येऊन त्यांनी हात पुढे केला. आत्याने पिशवीतून कात्री काढून दिली. त्यांनी कच्चकन फीत कापली, प्लास्टिक ओरबाडून काढलं, पाटी उचलून दुकानात नेऊन टाकली. टाळी कुणी वाजवली नाही. शिंपी तेवढा दारात येऊन बघत होता.

आत्या मधोमध बसली आणि लगेच पुढे झाली. "आई गं! पाठीला काय टोचतंय?"

"अध्यक्ष आहेत, आत्या."

ती सरकली. "आणि हे?"

"सचिवबाई."

"आणि इथे तर दोन जागी टोचतंय."

"खजिनदारांच्या पदव्या."

असं करत करत, एकेक पदाधिकारी ओलांडत आत्या उजव्या टोकाला पोचली. तिथे तिने जपून पाठ टेकली, जरा थांबली, मग पुरती रेलली आणि पाय सैल सोडले.

"इथे बरं आहे. इथे काही टोचत नाही. इथे कोण?"

चष्मेवाले खाली बघून म्हणाले, "इथे मी. माझ्या वेळी अक्षरं संपली होती."

आत्याने मान वळवून कोपऱ्यातलं ते बारीक, सपाट नाव निरखून पाहिलं, त्याच्यावरून बोट फिरवलं. "अरे गाढवा," ती म्हणाली, "मग एवढं तोंड पाडून काय बसला होतास?"

बाकाचं उद्घाटन झालं की नाही याचा वाद क्लबमध्ये अजून चालू आहे. स्टॉपवर मात्र तो उजवा कोपरा धरायला सकाळपासून झुंबड असते. दर गुरुवारी बसच्या आधी एक संचालक दुकान सोडून येतो, त्या कोपऱ्यात बसून राहतो, आणि आत्या दिसली की उठून उभा राहतो.